सिरिलला वळणारा चेंडू खेळता येत नाही

फ्लोरिडा,
मंगळवार, १२ मार्च १९४६

प्रिय पॉलिना वहिनी,

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान धरतो. मिल्काने हलणाऱ्या दाताला दोरा बांधला, दोरा दाराच्या कडीला बांधला आणि स्वतःच लाथ मारून दार लावलं, हे वाचून मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतल्याने भिंत ठोकली. नऊ वर्षांची पोर आणि ही हिंमत! हराबोव्स्कींच्या घरात असलं काळीज कुणालाच नव्हतं. हा गुण तुझ्या माहेरचा.

मी मजेत आहे. इथे ऊन आहे, समुद्र आहे आणि संत्री इतकी आहेत की पोरं त्यांनीच नेमबाजी करतात. एक पेटी तुम्हाला पाठवली आहे. वरचा थर मऊ पडला असेल तर मुरंबा कर, टाकून देऊ नकोस. सकाळी धावतो, दुपारी चेंडू टाकतो, संध्याकाळी इकडून तिकडे फिरतो. बसवत नाही एका जागी. खोलीतली खुर्ची मी चार दिवसांत चार कोपऱ्यांत ठेवून पाहिली.

सैन्यातून परत आलेले आम्ही अकरा जण आहोत. कुणाचा खांदा आखडलाय, कुणाचा गुडघा कुरकुरतो. एकजण तर मागे काही दणकन आपटलं की बॅट टाकून जमिनीवर आडवा होतो आणि मग उठून कपडे झटकत उगीच विनोद करतो. माझा हात मात्र होता तसा आहे. होता त्याहून बराच म्हण. आमचा म्हातारा मॅनेजर डोनेगन सगळ्यांसमोर ओरडला, "मेट, लेका, तुला तर लढाई मानवली रे!" सगळे हसले. मीही हसलो. मग बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

तीन वर्षं आमच्या बेसबॉल संघात माझ्या जागी एक चाळिशीचा शाळामास्तर चेंडू टाकत होता. कायदाच आहे, परत आलेल्या सैनिकाला त्याची जागा द्यायची, तेव्हा त्याला गेल्या आठवड्यात निरोप मिळाला. बिचारा जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही लोक तिकडे होतात म्हणून मी इथे खेळलो." प्रवास सुखाचा होवो म्हटलं.

एक बारीक कटकट आहे. माझे चेंडू झेलणारा कॅचर हार्लन टेनेसीचा, जाडजूड, बडबड्या माणूस. तो दोन बोटं दाखवतो, म्हणजे वळणारा चेंडू टाक. मी मान हलवतो, नको. तो पुन्हा दोन बोटं, मी पुन्हा मान. मग तो कंटाळून एक बोट दाखवतो आणि मी सरळ, जोरात टाकतो. मार्चमध्ये नुसता सराव असतो, चालतं म्हणा. कोपर सांभाळतोय असं मी त्याला सांगितलं आहे.

तू विचारलंस की सिरिलचा छावणीतला शेवटचा रविवार मी त्याच्याबरोबर होतो, त्या दिवशी तो काय बोलला, काय खाल्लं, कसा दिसत होता, सगळं सविस्तर लिही. वहिनी, त्याला जाऊन सोळा महिने झाले आणि तू हे मला तिसऱ्यांदा विचारते आहेस. मला कळतं. पण आत्ता खाली गाडी उभी आहे आणि हार्लन दार बडवतोय. तो दिसायला चांगला दिसत होता. थोडा बारीक झाला होता. तू भाजून पाठवलेले गोड कोलाचे आम्ही दोघांनी संपवले, खसखशीचे त्याने, जर्दाळूचे मी.

मिल्काला माझ्याकडून एक पापा, पडलेल्या दाताच्या बाजूच्या गालावर.

तुझा डावखुरा दीर,
मेतोद

*

सेंट लुइस, हॉटेलातून,
सोमवार, २० मे १९४६

प्रिय वहिनी,

आपल्या गावच्या इम्रिखचं पत्र आलं. दारूच्या गुत्त्यावर बसून लिहिलेलं दिसतं, कारण कागदाला बिअरचा वास होता आणि अक्षर बारा वाटांनी गेलं होतं. ७ जुलैच्या रविवारी मैदानावर "मेतोद हराबोव्स्की दिन" साजरा होणार म्हणे! गावाहून खास गाडी, पाचशे माणसं, चर्चचा बँड आणि स्वतः फादर गाश्पर. नेमका संत सिरिल आणि संत मेतोद यांच्या सणाचा दिवस धरून. आईबापांनी नावं ठेवताना हा घोळ त्यांच्या ध्यानात आला नसणार.

तुला माहीतच आहे, असल्या दिवसाला खेळाडूला मैदानाच्या मधोमध उभं करतात आणि गाववाले एकेक वस्तू त्याच्या गळ्यात मारतात. घड्याळ देणार आहेत. शिकारीची बंदूक देणार आहेत. मला बंदूक काय करायची? एक अख्खं डुक्कर भाजून आणणार आहेत. ते चालेल. आणि शेवटी, इम्रिख लिहितो, तू मिल्काला घेऊन येणार आणि सिरिलचं मिट, चेंडू झेलायचा तो चामडी हातमोजा, सगळ्यांच्या देखत माझ्या हाती देणार. फादर गाश्पर बोलणार, एकाच घरातले दोन भाऊ, दोघेही लढाईवर गेले, एक परत आला.

वहिनी, हे थांबवता येईल का? मी सरळ विचारतो. तू इम्रिखला सांग, मेटला हे असलं आवडत नाही. सांग, तो लाजतो. अगं, ते मिट तर माझ्या हातातही जाणार नाही. कॅचरचं मिट डाव्या पंजात चढवायचं आणि मी डाव्याने टाकणारा, माझा उजवा पंजा त्यात कुठून शिरणार? माझ्या कपाटात पडून राहील ते. मिल्का ते घालून अंगणात भिंतीशी खेळते असं तूच लिहिलंस. मग तिचंच राहू दे ना.

खेळाचं विचारशील तर दोन जिंकले, पाच हरले. पेपरात वाचलं असशील. कालच्या सामन्यात हार्लन मास्क डोक्यावर सारून थेट माझ्याजवळ आला. मिट तोंडापुढे धरलं, कुणाला ओठ दिसू नयेत म्हणून, आणि सुरू झाला.

"दोन बोटं म्हणजे किती रे?"

"दोन."

"आंधळा नाहीस म्हणजे. मग वळवत का नाहीस? सगळ्या लीगला कळलंय, मेट एकच गाणं गातो म्हणून. समोरचा डोळे मिटून मारतोय."

"कोपर दुखतं."

"कोपर दुखतं म्हणे! कोपर दुखणारा माणूस एवढ्या जोरात टाकतो? कोपर नाही, तुझं दुसरंच काहीतरी दुखतंय. माझ्या बायकोशी खोटं बोलायची गरज पडली तर तुला नाही बोलवायचा मी."

गेला निघून. पुढच्याच चेंडूवर समोरच्यांच्या दोन धावा झाल्या. डोनेगन म्हणतो, जूनअखेर सुधारला नाहीस तर खालच्या संघात पाठवीन, लढाईवरून आलास म्हणून गप्प बसलो होतो.

लढाईवरून आलास. ह्या दोन शब्दांनी माझं जिणं हराम केलंय बघ. म्हणून आज तुला थोडं सांगून टाकतो, गावात कुणाला बोलू नकोस. मी तुम्हाला छावणीतून लिहायचो, "शारीरिक प्रशिक्षक म्हणून काम आहे." कागदावर तसं होतं खरं. पण आमच्या कर्नलला बेसबॉलचं वेड. शेजारच्या छावणीच्या जनरलला हरवायचं, एवढाच त्याचा युद्धाचा हेतू. त्याने लीगमधले नऊ खेळाडू गोळा केले होते. आम्ही दोन वर्षांत शंभरावर सामने खेळलो. मी एकदाही बंदूक माणसावर रोखली नाही. सकाळी अंडी, दुपारी सामना, रविवारी आइस्क्रीम. रेल्वेच्या डब्यांतून पोरं जहाजाकडे जायची आणि आम्ही सरावाला. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालंय.

सिरिलला हे माहीत होतं. तो त्याच छावणीत प्रशिक्षणाला आला ना, चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात. तो मला हसला, "तुझी तर मजाच आहे की!" रागावला नाही. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो चार शब्द.

त्या रविवारी आम्ही बराकीमागे चेंडू टाकत होतो, लहानपणी कोळशाच्या ढिगामागे टाकायचो तसे. मी टाकायचे, त्याने झेलायचे. तेवढंच. बाकी काही विशेष नाही.

डोकं भणभणतंय, थांबतो. त्या मिटचं मनावर घे.

तुझा डावखुरा दीर,
मेतोद

*

बुधवार, २६ जून १९४६

प्रिय वहिनी,

तू लिहिलंस, "मिटचं मी ठरवीन, तू नाही. आणि तू त्या रविवारचं अर्धं सांगून पळालास. मी तुला तेरा वर्षांचा असल्यापासून ओळखते. खिडकीची काच फोडून आलास की असंच पहिल्यांदा आइस्क्रीमचं बोलायचास."

पकडलंस. चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं कसंही झालं तरी टपालात टाकणार आहे, कारण सात तारखेच्या आधी ते तुझ्या हातात पडायलाच हवं. एकदा तू मैदानात आलीस, बँड वाजला आणि ते मिट तू मला दिलंस की मला आयुष्यात हे सांगता येणार नाही. आणि तुलाही, सगळं माहीत नसताना ते द्यायला लावणं म्हणजे फसवणूक आहे. एवढी मात्र नाही करणार.

झालं ते असं.

त्या रविवारी चेंडू टाकता टाकता सिरिल मला म्हणाला, "मेट, तुमच्या संघात दुसऱ्या कॅचरची जागा आहे म्हणे?" तो असं कधी काही मागायचा नाही, तुला माहीत आहे. खाली बघत, मिटची नाडी ओढत बोलला. मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "कर्नलच्या कानावर घाल की. मिल्का सात वर्षांची आहे रे. मला शूर व्हायची हौस नाही."

मी म्हटलं, "घालतो."

घालायची वेळही आली नाही. कर्नल आपल्या पायांनीच आला. छडी बगलेत मारून पाच मिनिटं आमचा खेळ बघत उभा राहिला. सिरिलने माझे वीसेक चेंडू झेलले, एकही सुटला नाही. मग कर्नलने त्याच्या हाती बॅट द्यायला सांगितली आणि मला म्हणाला, "टाक." मी टाकले. सरळ टाकले ते त्याने बरे मारले. वळणारे टाकले ते पाचच्या पाच हुकले. सिरिल हसला, घाम पुसला आणि पाणी प्यायला गेला.

कर्नलने मला बाजूला घेतलं. त्याचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "तुझा भाऊ घेण्यासारखा आहे का? तू म्हणत असशील तर उद्या सकाळी कागद करतो."

एक "हो" म्हणायचं होतं, वहिनी. एक अक्षर.

मी म्हटलं, "झेलतो चांगला, सर. पण खरं सांगायचं तर त्याला वळणारा चेंडू खेळता येत नाही."

कर्नल म्हणाला, "खरं बोललास, बरं वाटलं. भाऊ म्हणून शिफारस करणारे मला शंभर भेटतात." आणि छडी हलवत गेला.

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावलं की आमच्या धंद्यात हे असंच असतं. कुणी विचारलं, अमका कसा आहे, तर जे आहे ते सांगायचं. मैत्रीसाठी खोटी शिफारस करणाऱ्या माणसाला आमच्यात कुत्रं विचारत नाही. सतराव्या वर्षापासून ह्याच रीतीत वाढलो. आणि ते खोटं होतं का? पाचच्या पाच हुकले होते.

पण चोराच्या मनात चांदणं. त्याच्याही खालचं जे आहे ते आता लिहितो आणि मग तुला काय म्हणायचं ते म्हण. त्या छावणीत मी मोठा माणूस होतो. अधिकारी माझी सही मागायचे. आणि सिरिल आल्यापासून सगळ्यांसमोर, "मेट, शर्ट खोच. मेट, तोंड पूस. मेट, मोठ्यांशी बोलताना च्युइंगम थुंक." तो नेहमीच तसा. बाबा खाणीतून खोकत आले आणि गेले, तेव्हापासून त्यानेच मला वाढवलं, तू जेवू घातलंस. वळणारा चेंडू कसा पकडायचा ते माझी बोटं एकेक करून त्यानेच शिवणीवर बसवली. मी खेळायला जावं म्हणून तो माझ्या वाटच्या पाळीलाही खाणीत उतरला. आणि मला, लाज वाटते लिहायला, मला तो तिथे नको होता. हंगामभर कोण ऐकणार, असं एकदा, डोळ्याचं पातं लवावं इतक्या वेळात, मनात आलं. मग मी खरं बोललो.

संध्याकाळी त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "जागा भरली म्हणाला."

तो म्हणाला, "बरं. तू विचारलंस ना, झालं तर मग." मग तू पाठवलेला डबा उघडला. कोलाचे तेव्हा खाल्ले आम्ही. खसखशीचा शेवटचा त्याने अर्धा करून मला दिला. मी तो खाल्ला, वहिनी.

गुरुवारी त्याची तुकडी निघाली. गाडीच्या पायरीवरून तो मला म्हणाला, "हात जप." नोव्हेंबरात तुला तार आली. जर्मनीतलं ते जंगल मी नकाशात शोधून काढलं. आमच्या संघाने त्या महिन्यात जनरलला हरवून कप जिंकला होता.

आता हार्लन दोन बोटं दाखवतो तेव्हा मला काय दिसतं ते तुला कळेल. त्या चेंडूवर माझी बोटंच बसत नाहीत.

गेटवर तुझ्या नावाने दोन तिकिटं ठेवली आहेत. येऊ नये वाटलं तर येऊ नकोस, इम्रिखला मी काहीतरी कारण सांगेन. आणि गावाला खरं सांगायचं असेल तर सांग, मी नाही म्हणणार नाही. मिल्काला मात्र तू सांगू नकोस. तिला सांगायचं झालं तर ते मीच सांगायला पाहिजे.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

मेतोद

*

सोमवार, ८ जुलै १९४६

वहिनी,

काल तू मला काय बोललीस ते तुला माहीत आहे. तरी मी ते लिहून काढतोय, कारण आजूबाजूला बँड होता, वीस हजार लोक टाळ्या पिटत होते आणि माझे कान वाजत होते. काही चुकीचं ऐकलं असलं तर दुरुस्त कर.

मला वाटलं होतं तू येणार नाहीस. घड्याळ झालं, बंदूक झाली, डुक्कर झालं. तोंडात सफरचंद कोंबलेलं ते डुक्कर माझ्याइतकंच अवघडलेलं दिसत होतं. मग फादर गाश्परने तुझं नाव घेतलं आणि तू जाळीमागून बाहेर आलीस, काळी टोपी, एका हाताला मिल्का, बगलेत सिरिलचं मिट. तू आलीस ती ध्वनिक्षेपकाकडे गेलीच नाहीस, थेट माझ्यासमोर उभी राहिलीस. मिट तोंडापुढे धरलंस. सिरिल धरायचा तसंच. लोकांना वाटलं वहिनी रडते आहे.

तू म्हणालीस, "हस. लोक बघताहेत."

मी हसलो असेन.

"पाचच्या पाच हुकले म्हणतोस. कुणी टाकले होते?"

"मी."

"तुझा वळणारा चेंडू ह्या लीगमध्ये किती जणांना खेळता येतो?"

मी बुटाच्या टोकाने माती उकरली.

"किती जणांना, मेतोद? ज्यांना त्याचेच पगार मिळतात त्यांना येत नाही. आणि तू त्या चेंडूने माझ्या नवऱ्याचं माप काढलंस? दिवसभर कोळसा उपसून तुझ्यासाठी उकिडवा बसून मिट धरायचा तो. त्याच्या हातात कधी कुणी बॅट दिली होती?"

वहिनी, देवाशपथ सांगतो, बावीस महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी बाकी सगळं उगाळलं. पण सिरिलला खेळता येत नाही हे मी खरंच बोललो, एवढं एक मनाशी धरून ठेवलं होतं. तेही तू काल काढून घेतलंस.

मग तू म्हणालीस, "त्या कर्नलने तुला पंच म्हणून नव्हतं विचारलं. तू त्याचा भाऊ आहेस का, असं विचारलं होतं." आणि मग, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. मी चर्चमध्येही खोटं बोलत नाही. आणि हे मिट तुला मिळणार नाही." मिट तू मिल्काच्या हातात दिलंस. लोकांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं हे असंच ठरलं होतं. इम्रिख तर ढसाढसा रडत होता.

मी विचारलं, "मी काय करू?"

तू म्हणालीस, "सोमवारी तुम्हाला सुट्टी असते. ही पोर मला रोज चेंडू टाकायला लावते, मला येत नाही. ये." मी म्हटलं उद्याच येतो. तेव्हा तू मिट नसतानाही तोंडावर हात धरलास आणि म्हणालीस, "उद्या नको. उद्या मला तुझं तोंड बघवणार नाही. पुढच्या सोमवारी."

बरोबर ऐकलं ना मी?

खेळाचं तुम्ही पाहिलंच. पहिल्याच डावात हार्लनने दोन बोटं दाखवली, सवयीने, उत्तराची आशाच नव्हती त्याला. मी मान डोलावली. तो इतका चकित झाला की चेंडू त्याच्या मांडीवर आपटला. "सांगून तरी मान डोलवत जा," म्हणाला. मग टाकत गेलो. काही मातीत गेले, काही वळले. सहाव्या डावात समोरच्या संघाचा तो नवीन पोरगा आला, ज्याला त्यांनी परवाच खालच्या संघातून आणलाय. दोनदा हुकला. तिसरा चेंडू त्याने असा उचलला की कुंपणापलीकडे रस्त्यावर जाऊन पडला. सगळं मैदान चूप. आपल्या गावच्या पाचशे लोकांत एकच आवाज आला, बारीक, टाळीचा. मिल्का ना ती? तिला रागावू नकोस. तिला काय ठाऊक, ती कुणाच्या बाजूची!

तो पोरगा धावत असताना मी तिथे उभा राहून एकच विचार करत होतो. दोनदा हुकला आणि तिसऱ्यांदा त्याला जमलं. कर्नलला मला खरंही सांगता आलं असतं आणि भाऊही राहता आलं असतं. "आज येत नाही, सर. मी शिकवतो." एवढंच म्हणायचं होतं. तुझा माझ्या शब्दावर विश्वास बसणार नाही, पण तो कर्नल हो म्हणाला असता. महिनाभर मी बराकीमागे रोज शंभर चेंडू टाकले असते. सिरिलने मला एवढं शिकवलं, मी त्याला एक गोष्ट शिकवायला हवी होती.

डोनेगनने आज विचारलं, कोपर बरं झालं वाटतं? मी म्हटलं, कोपराला काही झालंच नव्हतं. तो हसला. मी नाही हसलो. त्याला म्हटलं, आणखी एक, मी लढाईवर नव्हतो, सैन्यात बेसबॉल खेळत होतो, तेव्हा लढाई मानवली वगैरे पुन्हा म्हणू नका. तो खिशात सिगार शोधायला लागला.

पुढच्या सोमवारी अकराच्या गाडीने येतो. जेवायला थांबेन की नाही ते तू ठरव. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, मी चालत येईन. मिल्काला सांग, बॅट तिची तिने आणावी, हलकी, जड नको. आणि हेही सांग की काका तिला सोपे चेंडू टाकणार नाही. वळणारेच टाकेल. पण ती हुकली म्हणून कुणाला काही सांगायला जाणार नाही. तिला जमेपर्यंत टाकत राहील.

शर्ट खोचून येतो.

तुझा दीर,
मेतोद